जमीन नावाबाहेर जाऊ न देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, जोझेफ लेओनिद दोना ब्रँदामूर, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा मेपलची काकवी आणि थोडी गुरे, राहणार तिसरी रांग (शेतांच्या रस्त्याला आमच्याकडे रांग म्हणतात), सँत-बाल्बीन, क्वेबेक प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, भरल्या पोटी आणि पूर्ण शुद्धीवर बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. एक जुने दडपण होते, ते गेल्या ऑगस्टात उतरले, म्हणूनच लिहायला बसलो आहे. जोझेफ हे नाव फक्त कागदावरचे. आमच्या वेळी बाप्तिस्म्याला प्रत्येक मुलगा जोझेफ आणि प्रत्येक मुलगी मारी असे. मला सगळे दोना म्हणतात.

नोटरीबाईंनी सांगितले आहे की दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्ष करू नये. तेव्हा माझा शेजारी फिलिबेर उइमेत याला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. तो आत्ता समोर बसून माझी कॉफी पीत आहे आणि हे वाक्य मी त्याला वाचून दाखवले आहे.

"काही नको मला," तो म्हणाला. "माझी शिडी तेवढी परत दे."

शिडी त्याला मी जिवंतपणीच देईन. त्यामुळे ती या लेखात येत नाही.

कलम पहिले: देहाविषयी

मला सँत-बाल्बीनच्या दफनभूमीत माझी बायको ल्युसिएन काडोरेत हिच्या शेजारी पुरावे. पेटी साधी, पाइनची असावी. दगड तयार आहे, माझे नाव कोरून झाले आहे, फक्त शेवटचे साल बाकी आहे. दगडावर दोघांची नावे सारख्याच आकाराची आहेत आणि तिचे नाव तिचेच आहे, 'अमक्याची बायको' असे नाही.

लग्नानंतर कितीतरी वर्षे चर्चमध्ये, बँकेत, डॉक्टरकडे ती 'मादाम दोना ब्रँदामूर' होती. माझ्या नावापुढे मादाम लावले की झाली बायको तयार, अशी पद्धत. पुढे कायदा बदलला आणि बायकांना माहेरचे नाव परत मिळाले, तेव्हा तिने आपले नवे दवाखान्याचे कार्ड फ्रीजवर चिकटवून ठेवले. मी म्हटले, हे काय? ती म्हणाली, "दोना, जरा अदबीनं. तू एका काडोरेतच्या स्वयंपाकघरात उभा आहेस." त्या दिवशी मला राग आला होता. आता वाटते, या घरात नावाच्या बाबतीत शहाणे माणूस तेवढे एकच होते.

दफनानंतर लोकांना हॅमचे सँडविच, वाटाण्याचे सूप आणि मेपलच्या साखरेचा शुगर पाय द्यावा. सँडविचच्या कडा कापू नयेत, मला ते थेर आवडत नाहीत. माझा चुलतभाऊ गाएतान याच्या हातात कोणत्याही परिस्थितीत माइक देऊ नये.

कलम दुसरे: आधीच्या मृत्युपत्राविषयी

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने मी संपूर्णपणे रद्द करीत आहे. हे वाक्य लिहिताना हात इतका सैल पडला की अक्षर बिघडले. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

त्या जुन्या मृत्युपत्रात मी जमीन, घर, गोठा आणि मेपलचे गुऱ्हाळ, सगळे गाएतानच्या मुलाला लिहून दिले होते. तो दूर पश्चिमेला, कॅलगरीला असतो. पोरगा वाईट नाही. एकदा ऐन जुलैत, रसाचा हंगाम केव्हाच संपलेला असताना आला आणि झाडाला हात लावून म्हणाला, "काका, काकवी कुठून येते, दाखवा ना." त्याची लायकी एवढीच, की तो पुरुष आहे आणि ब्रँदामूर आडनाव लावतो.

मला स्वतःचे मूल आहे. मुलगी. मारीज. ती लाँगेयला नर्स होती. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या बर्फाच्या वादळात आमचे निम्मे मेपल फांद्यांसकट कोसळले. ती दोन आठवड्यांच्या रजेवर मदतीला आली आणि परत गेलीच नाही. तेव्हापासून हे गुऱ्हाळ ती चालवते. मी काहिलीपाशी खुर्ची टाकून बसतो आणि पाक कधी उतरवायचा ते सांगतो, आणि ती मी सांगायच्या आधीच उतरवते. ग्वाटेमालाहून हंगामी कामाला आलेला आन्सेल्मो शोल याच्याशी तिने लग्न केले. माणूस सोन्यासारखा आहे. त्यांची मुलगी इनेस ही माझी एकुलती नात. तरीही जमीन कॅलगरीला लिहून दिली, आणि मारीजला ते ठाऊक होते, कारण मी कधी लपवले नाही. तिने त्यावर एक शब्दही काढला नाही.

हे असे का, तर माझ्या बापामुळे.

माझा बाप ओव्हिला ब्रँदामूर एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरात सँत-यासँतच्या दवाखान्यात वारला. शेवटच्या दिवशी त्याने मला जवळ बोलावले. ल्युसिएन पायथ्याशी उभी होती, तिच्या कडेवर पाच वर्षांची मारीज झोपलेली.

"दोना, जमीन नावाबाहेर जाऊ द्यायची नाही."

"नाही जाणार, पपा."

"असं नाही. नीट बोल. शब्द दे."

"शब्द देतो. जमीन नावाबाहेर जाणार नाही."

त्याने मारीजकडे पाहिले, मग ल्युसिएनकडे. "मुलगा होऊ दे आता," म्हणाला. तेच त्याचे शेवटचे बोलणे.

मुलगा झाला नाही. नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, मेणबत्त्या झाल्या. शेवटी ल्युसिएन वैतागून म्हणाली, "मुलगा दुकानात मिळत असता तर उधारीवर आणला असता, दोना. आता मला शांत झोपू दे." तो विषय बंद झाला, पण शब्द दिलेला होता. ज्या माणसाने मला नांगर धरायला शिकवले त्याला मरताना दिलेला शब्द. बाप गेल्यावर वाद घालायलाही समोर कोणी नसते. मी तो शब्द उशाशी घेऊन झोपत आलो, आणि दर वसंतात मारीजला रसाच्या टाकीशी राबताना पाहून मला लाज वाटत आली.

कलम तिसरे: जमीन, घर आणि गुऱ्हाळ

तिसऱ्या रांगेवरची माझी सर्व जमीन, त्यावरील घर, गोठा, गुऱ्हाळ, काहिली, नळ्या, टाक्या आणि ट्रॅक्टर (लाल, निळा फिलिबेरचा आहे, माझ्याकडे फक्त उभा असतो) मी माझी मुलगी मारीज हिला देत आहे. संपूर्ण, बिनशर्त, कायमचे.

हे मी बापाचा शब्द मोडून करीत नाही. कसे ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या गाएतान वकील घेऊन आला तर त्यालाही वाचायला मिळेल.

आमच्या दिवाणखान्यात काचेची एक मोठी चौकट आहे. कुळवृक्षाची. माझ्या लहानपणी वंशावळी विकत हिंडणाऱ्या एका माणसाकडून बापाने ती करून घेतली. सगळ्यात वर मात्युरँ लोस्त ऊर्फ ब्रँदामूर, फ्रान्सच्या राजाचा शिपाई. त्या काळी फौजेत प्रत्येकाला टोपणनाव देत. कोणी 'बिनघोर', कोणी 'ट्यूलिप', आमचा 'ब्रँदामूर', म्हणजे 'प्रेमाची डहाळी'. त्याच्या खाली मुलगा, त्याच्या खाली मुलगा, असे करत करत सगळ्यात खाली मी. लहानपणी बाप मला उचलून त्या शिपायाच्या नावावर बोट ठेवायला लावी.

गाएतान हा ब्रँदामूर कुटुंब मंडळाचा अध्यक्ष. आमच्याकडे प्रत्येक आडनावाचे असे मंडळ असते. वर्गणी, वार्षिक मेळावा, छापील टी-शर्ट, कोरडे सँडविच. गेल्या ऑगस्टात गाएतानने ठरवले की चर्चच्या भिंतीवर शिपायाच्या नावाचा ब्राँझचा फलक लावायचा. त्यासाठी त्याचे फ्रान्समधले गाव शोधून काढायचे काम दिले माझ्या थोरल्या बहिणीला.

रोझ-आल्मा पंच्याऐंशी वर्षांची आहे. ती पूर्वी नन होती. कॉन्व्हेंट सोडून पन्नास वर्षे होत आली, पण तिथला आवाज तिने बरोबर आणला. गेली कित्येक वर्षे ती चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचत बसते आणि अर्ध्या जिल्ह्याला त्यांचे पणजोबा काढून देते.

मेळावा चर्चच्या हॉलमध्ये होता. डहाळीचे चित्र छापलेले हिरवे टी-शर्ट घालून सगळे बसलेले. फलक पडद्याआड. गाएतान माइक घेऊन म्हणाला, "आणि आता रोझ-आल्मा आपल्याला सांगेल, आपलं मूळ गाव कोणतं."

रोझ-आल्मा उठली. "तो माइक बाजूला घे. मला नाही लागत."

"गाव सापडलं ना?"

"शिपायाचं सापडलं. पण आपल्याला त्याचा उपयोग नाही."

"उपयोग नाही म्हणजे?"

"त्याला मूलबाळ नव्हतं."

गाएतान हसला. "एखादं तरी असेल की."

"एकही नाही. लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत रान तोडताना झाड अंगावर पडून गेला. मागे राहिलं काय, तर जमीन, एक गाय आणि बायको. रने तिचं नाव."

मागच्या टेबलावरून कोणीतरी विचारले, "मग आपण कोण?"

"गोद्री," रोझ-आल्मा म्हणाली.

"कोण गोद्री?"

"पिएर गोद्री. रनेच्या शेतावरचा गडी. कराराने कामाला आलेला. नवरा गेला, हिवाळा तोंडावर, सरपण फोडायचं कुणी? दोघांनी लग्न केलं. आपण सगळे त्या दोघांची लेकरं."

"ताबर्नाक!" गाएतानने चर्चच्या नावाची शिवी हासडली, आणि माइक चालूच होता.

"गाएतान! फादर बसलेत."

"चालू द्या, चालू द्या," फादर म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली होती.

"पण आपलं नाव ब्रँदामूर आहे! माझ्या बापाचं ब्रँदामूर, आजाचं ब्रँदामूर!"

"नाव जमिनीचं आहे, बाबा," रोझ-आल्माने त्याला मठ्ठ मुलीला प्रमेय समजावतात तशा आवाजात सांगितले. "लोक त्या जागेला ब्रँदामूरचं घर म्हणायचे. शिपाई गेला तरी घर तिथंच. मग तिथं राहणारा कुणी का असेना, तो ब्रँदामूरकडचा. पिएरला गावानं तेच नाव चिकटवलं. मुलांच्या बाप्तिस्म्याला लिहिलंय नुसतं गोद्री. नातवंडांच्या वेळी गोद्री ऊर्फ ब्रँदामूर. पुढं पुढं गोद्री गळून गेलं आणि ऊर्फ तेवढं उरलं."

"मग ती चौकट? तो वृक्ष?"

"ज्यानं केला त्यानं नावाचं शेपूट धरलं आणि मागे मागे गेला. शेपूट शिपायापाशी संपलं, म्हणून शिपाई पूर्वज. त्याला पोरं होती का, हे कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे सगळे असेच शोधतात. मीसुद्धा आधी तेच केलं."

"हे आजच सांगायचं होतं? फलक झालाय! ब्राँझचा!"

"जुलैत फोन केला होता तुला. तू म्हणालास, लोकांचे स्विमिंग पूल बसवायचा सीझन आहे, मेळाव्यात भेटू."

पुढे बराच गोंधळ झाला. एक बाई रडल्या. एकाने टी-शर्ट काढून उलटा घातला. मी मात्र जागचा हललो नाही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, आणि तो विचारायला मी जन्मात पहिल्यांदा अशा सभेत हात वर केला.

"रोझ-आल्मा, मग जमीन? शिपायाची जमीन या गोद्रीकडे आली कशी?"

तिने माझ्याकडे पाहिले. ती हसली नाही, पण तिला हसू येत होते, ते मी ओळखतो. "गोद्रीकडे नाही आली, दोना. रनेकडे आली. लग्नाच्या करारातच होतं, एकाच्या मागे सगळं दुसऱ्याचं. जमीन बाईची झाली. गडी तिच्या घरी नांदायला आला. घरजावई म्हण हवं तर."

"म्हणजे बाईकडून."

"पहिल्याच खेपेला बाईकडून."

परत येताना ती माझ्याच गाडीत होती. गाव मागे पडले आणि मला हसू फुटले. आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागले.

"गाडी बाजूला घे," रोझ-आल्मा म्हणाली. "मला अजून नोंदवह्या वाचायच्यात, खड्ड्यात मरायचं नाही."

मी गाडी थांबवली. बापाच्या शब्दाचे तिला कधी सांगितले नव्हते. ते तेव्हा सांगितले, सगळे, दवाखान्यातल्या पलंगापासून कॅलगरीपर्यंत. तिने मध्ये तोंड घातले नाही, हेही जन्मात पहिल्यांदाच.

मग म्हणाली, "पपांनी काय म्हटलं होतं? नक्की शब्द सांग."

"जमीन नावाबाहेर जाऊ द्यायची नाही."

"बरं. मारीज कुठं राहते?"

"घरी. अजून कुठं?"

"तिला गाव काय म्हणतं?"

"ब्रँदामूर."

"आणि तिच्या नवऱ्याला?"

पेंडीच्या दुकानातून दर महिन्याला जो कागद येतो त्यावर 'आन्सेल्म ब्रँदामूर' असे असते. आन्सेल्मोने दोनदा दुरुस्त करायला सांगितले, मग नाद सोडला. फिलिबेर त्याला हाक मारतो तीही 'ए ब्रँदामूर' अशीच. मला पूर्वी वाटे, ही लोकांची चूक.

"मग कुठं चाललीय जमीन नावाबाहेर?" रोझ-आल्मा म्हणाली. "उलट कॅलगरीला गेली असती आणि त्या पोरानं विकली असती, तर मात्र गेली असती. गाडी काढ आता. मला भूक लागलीय, त्या हॉलमध्ये काही खाण्यासारखं नव्हतं."

मी गाडी काढली. शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षे जी धोंड मी छातीवर वागवली ती कोणत्या वळणावर पडली ते सांगता येणार नाही, पण घरी पोचलो तेव्हा ती नव्हती. त्या रात्री मी बापाशी न भांडता झोपलो.

म्हणून लिहितो: माझा बाप ओव्हिला याला दिलेला शब्द मी अक्षरशः पाळला आहे. तो जे मागतो आहे असे त्याला वाटत होते ते वेगळे असेल. पण तोही एका गड्याचा आणि एका विधवेचा वंशज होता, आणि हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आता वर रने भेटली असेल तर तिने सांगितले असेलच.

कलम चौथे: बाकीच्या वस्तू

बँकेत जे काही शिल्लक असेल ते इनेसच्या शिक्षणासाठी. तिला वाटेल ते तिने शिकावे. तिने वडिलांकडचे शोल हे आडनाव लावले आहे, त्यावर गावात कोणी काही बोलले तर त्याला रोझ-आल्माकडे पाठवावे.

रोझ-आल्मा हिला माझी दुर्बीण आणि माझी आरामखुर्ची. खुर्चीवर ती गेली दहा वर्षे डोळा ठेवून आहे. ती माझ्या आधी गेली तर खुर्ची घरातच राहू द्यावी.

आन्सेल्मो यास माझ्या बापाचा रंधा, हातकरवत आणि पटाश्यांचा पूर्ण संच. त्याला धार लावता येते, माझ्यापेक्षा चांगली. माझ्या बापाला जिवंतपणी कुणाची धार पसंत पडली नाही, ही पडली असती.

गाएतान यास दिवाणखान्यातली कुळवृक्षाची चौकट, काचेसकट. फलक त्याच्या गॅरेजमध्ये आहेच, दोन्ही शेजारी शेजारी चांगले दिसतील. त्याच्यावर माझा राग नाही. मेळाव्यानंतर तीन महिने त्याने फोन केला नाही, आणि नंतर केला तेव्हा म्हणाला, "दोना, गोद्री कुटुंबाचंपण मंडळ असतं का रे? त्यांना अध्यक्ष पाहिजे असेल का?" असल्या माणसावर किती दिवस रागावणार.

त्याच्या मुलाला, कॅलगरीच्या, दरवर्षी काकवीचे चार डबे पाठवावेत. त्याने कधी काही मागितले नव्हते.

आमच्या रांगेवरचा बर्फ ओढणाऱ्या कंत्राटदाराला माझी टपालपेटी. दर हिवाळ्यात तो ती पाडतोच, एकदाची घरी घेऊन जावी.

मृत्युपत्राची अंमलबजावणी मारीज करील. ती माझ्यापेक्षा हिशेबी आहे आणि माझ्यापेक्षा कमी भांडते.

कलम पाचवे: उताराविषयी

गुऱ्हाळामागचा जो उतार डोंगराला लागून आहे, त्यावर पूर्वी आमचे सगळ्यात जुने मेपल होते. बर्फाच्या वादळात ते गेले. आम्ही लाकूड कापून नेले, खोडे उपटली, आणि तेव्हापासून तो उतार उघडाच होता. गवत, काटेरी झुडपे, दोन-चार ससे. मला वाटे, मारीजला वेळ मिळत नसेल.

या मार्चमध्ये हंगाम ऐन भरात असताना मी तिला जमिनीचे सांगितले. ती काहिलीवरचा फेस काढत होती. वाफ इतकी की तोंड धड दिसत नव्हते.

"मारीज, मी ते जुनं मृत्युपत्र रद्द करतोय. जमीन तुझी."

तिने फेस काढायचा थांबवला नाही. "कुठली जमीन, पपा?"

"सगळी. घर, गुऱ्हाळ, सगळं."

पाक उकळत होता. मग तिने झारा बाजूला ठेवला, हात पुसले, आणि विचारले, "मग मी उतारावर झाडं लावू?"

"लाव की. इतकी वर्षं का नाही लावलीस?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. ती म्हणाली, "मेपलला रस यायला चाळीस वर्षं लागतात, पपा. दुसऱ्याच्या जमिनीत कोण लावतं?"

मी बाहेर जाऊन सरपण आणले. सरपण आत भरपूर होते. वीस वर्षे ती माझ्या शेजारी उभी राहून दुसऱ्याच्या जमिनीवर राबत होती, रोज तो उघडा उतार पाहत होती, आणि मी त्या उताराकडे पाहून म्हणत होतो की पोरीला वेळ मिळत नाही. सरपणाच्या ढिगाशी उभा राहून मी रडलो, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. मग आत गेलो, कारण पाक उतरवायची वेळ झाली होती. ती आधीच उतरवत होती.

गेल्या आठवड्यात बर्फ वितळून जमीन मोकळी झाली. मारीजने आणि आन्सेल्मोने खड्डे खणले, मी रोपे सरळ धरली. ही झाडे रस द्यायला लागतील तेव्हा मारीज नव्वदीच्या पुढे असेल. मी तसे तिला म्हटले. ती म्हणाली, "माहीत आहे, पपा. सरळ धरा, वाकडं होतंय."

म्हणून हे कलम स्वतंत्र लिहीत आहे. जमीन मारीजला माझ्या मृत्यूनंतर मिळेल. परंतु सदरहू उतारावरची झाडे तिने माझ्या हयातीत, स्वतःची म्हणून लावली आहेत. ती आजपासूनच तिची आहेत. त्यांवर माझा, माझ्या बापाचा किंवा आमच्या नावाचा कोणताही हक्क नाही.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजलो आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: सँत-बाल्बीन, तिसरी रांग
दिनांक: ११ मे २०१९

(सही) जोझेफ लेओनिद दोना ब्रँदामूर

साक्षीदार:

१. (सही) फिलिबेर उइमेत, शेतकरी, तिसरी रांग, सँत-बाल्बीन

२. (सही) गिस्लेन पोमर्लो, चर्चच्या कार्यालयातील सचिव, सँत-बाल्बीन